जोत्यावरची माणसं

गेनूतात्या, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असं कुणी विचारलं, तर मी वडिलांच्या आधी तुमचं नाव घेतो. तुम्हाला हे कधी पटलं नाही. "बापाचं नाव आदी घ्यावं," असं म्हणून तुम्ही विषय मोडायचात. आता मोडायला तुम्ही नाही, म्हणून सुरुवातीलाच घेऊन टाकतो.

तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं मागे सरतात न सरतात तोच तो बाभळीवरून उतरला आणि भात उचलून गेला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. "तात्यांचं काही मागं राहिलं नव्हतं, सुखानं गेले," असं जो तो म्हणत होता. पारूकाकूंना तेवढं ते पटलं नव्हतं. चढ चढताना मला म्हणाल्या, "कावळा शिवला म्हंजी इच्छा न्हाई व्हय रं दत्ता? ह्यांनी जित्तेपणी तरी कुठं कुणाला इच्छा सांगितली?"

मला त्या कावळ्याच्या घाईचीच भीती वाटली. तुमच्या आईच्या दहाव्याची गोष्ट तुम्ही मला सांगितली होती. ऊन डोक्यावर आलं तरी कावळा शिवेना. माणसं एकेक करून पुढे जात होती. कुणी म्हणालं, म्हातारे, नातीचं लग्न चांगल्या घरात करू. कुणी म्हणालं, तुझी गाय विकणार नाही. कावळे झाडावर होते, पण तोंडं पलीकडे, धरणाच्या पाण्याकडे करून. शेवटी कुणीतरी हळूच बोललं, "म्हातारी हितं न्हाईच. ती खाली जुन्या घरी गेली." मग दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं घरी गेली. तुम्ही मात्र पाण्याकडे बघत बसून राहिलात. तुमचं सगळं तिथून सुरू झालं, आणि म्हणूनच तुमचा कावळा घाईनं शिवला तेव्हा मला वाटलं, तुम्ही खाली घरी गेलाच नाहीत की काय.

आमचं जुनं गाव गुंजवणीच्या धरणात आहे. 'होतं' असं मला लिहवत नाही, कारण दर उन्हाळ्यात ते वर येतं. पहिल्यांदा पाणी उतरलं तेव्हा वासे, दारं, कौलं आम्ही उचलून वरच्या नव्या गावात आणली. राहिली ती घरांची दगडी जोती. पाणी उतरलं की गाळातून ती एकेक करून उघडी पडतात आणि म्हातारी माणसं बोट दाखवून सांगतात, हा आमचा सोपा, ही आमची चूल.

आई गेली त्या वर्षी तुम्ही खाणीतून एक दगड घरी आणलात. धरणाच्या कामावर तुम्ही दगड फोडायला होता, म्हणजे ज्या धरणानं आपलं गाव घेतलं त्यानंच तुमच्या हाताला दगडाची ओळख करून दिली. कुणी गुरू नाही, शाळा चौथीपर्यंत. पाट्या-वरवंट्याला टाकी लावायला बाया यायच्या, त्यांच्याजवळ बसून टाकी कशी तिरकी धरायची ते तुम्ही बघितलं होतं. आणि जुन्या मारुतीच्या देवळाशेजारी एक वीरगळ होता. घोड्यावर बसलेला वीर, पण तेल-शेंदूर लावून लावून त्याचं तोंड बुजून गेलेलं. "ल्हानपनी म्या त्याच्या तोंडावरनं बोट फिरवून बघायचो," तुम्ही सांगायचात. "डोळं कुठं असतील, नाक कुठं असंल. दगडात तोंड हुडकायची सवय तवापासनं."

त्या दगडातून तुम्ही आईचं तोंड काढलंत आणि वैशाखात खाली उतरून ते जुन्या घराच्या जोत्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलंत. पाणी चढलं, ते बुडालं. पुढच्या उन्हाळ्यात वर आलं तेव्हा त्याच्यावर गाळाचा करडा थर होता. तुम्ही काथ्यानं घासून ते धुतलंत. खालून म्हातारी पुन्हा निघाली. मान जरा वळवलेली, भुवया वर, ओठ किंचित उघडे, आत्ताच कुणाला तरी 'ओ' देणार अशी. बघायला आलेल्या बायांनी हात जोडले. त्या वर्षापासून नव्या गावात माणूस गेलं की त्याच्या घरचे दहावं-तेरावं उरकून तुमच्याकडे यायला लागले. तात्या, आमच्या म्हाताऱ्यालाबी घरी पोचवा.

तुम्ही फोटो बघत नसायचात. घरच्यांना एकच विचारायचात, "हाक मारल्यावर कसा वळायचा?" माणसं सांगायला बसायची, सांगता सांगता रडायची, मध्येच भांडायची. "डावीकडनं वळायचा," "न्हाई, आदी खाकरायचा." तुम्ही ऐकून घ्यायचात आणि मग दगडाकडे वळायचात.

जे बाहेरून येतात त्यांना ते गाव बघवत नाही. पाणी उतरताना आधी चिंचेचं वाळकं खोड दिसतं, मग देवळाची पायरी, मग एकेक डोकं. एखाद्या दिवशी पाणी बरोबर हनुवटीपर्यंत असतं. तेव्हा लांबून वाटतं, सगळं गाव पोहायला उतरलंय. शेरडं त्या जोत्यांमधून जात नाहीत, वळसा घालतात. पण आपल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. सुना सासऱ्याच्या जोत्यापुढून जाताना पदर डोक्यावर घेतात. कुणी दगडापुढे बिडी पेटवून ठेवतं. आमच्या गावच्या बबनला तर मी थोरल्या भावाच्या तोंडापुढे उभं राहून ओरडताना ऐकलंय, "बांध कोरलास तो कोरलास, वर मलाच बघतोय!" पानशेतकडून फिरत आलेली शहरातली पोरं फोटो काढायला लागली तेव्हा तुम्ही त्यांना नाही म्हणाला नाहीत. एवढंच सांगितलंत, "फोटो काडा. पन गंमत म्हणून बी कुणाला नावानं हाक मारू नका हितं." पोरं हसली. थोड्या वेळानं आपसातसुद्धा हळू आवाजात बोलायला लागली.

वडील गेले तेव्हा मी बारावीला होतो. तेराव्याला चुलते म्हणाले, "आता पुरं झालं शिक्षण. भात कोन लावनार?" सगळ्यांनी माना हलवल्या. तुम्ही दाराशी बसला होता. म्हणालात, "भात म्या लावतो. पोरगं भोरला जाईल." आणि खरंच लावलंत. आवणीच्या दिवसांत आमच्या खाचरात वाकलेले असायचात आणि उरलेलं वर्ष भोरला घाटाच्या पायऱ्या, देवळांचे उंबरे, तुळशीवृंदावनं घडवायचात. नदीकडच्या आळीत तुमची पत्र्याची खोली होती. कॉलेजची सगळी वर्षं मी त्या खोलीत काढली. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर त्या खोलीतून बाहेर पडला. तुमच्या टाकीच्या आवाजात मी अर्थशास्त्र पाठ केलं. परीक्षा जवळ आली की तुम्ही टाकी बाजूला ठेवून ओल्या वाळूनं दगड घासत बसायचात, त्याला आवाज कमी. हे माझ्यासाठी होतं हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

खोलीत कायम कुणीतरी गेलेलं माणूस असायचं, अर्धं दगडात आणि अर्धं बाहेर. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच दिसायचं. एकदा मी वैतागून म्हणालो, "तात्या, ह्या भागाबाईंचं तोंड तेवढं भिंतीकडं करा. मोरी समोर आहे, मी आंघोळ कशी करू?"

"म्हातारीनं तुला ल्हानपनी न्हाऊ घातलंय. तिला काय नवीन?"

"मग गोणपाट तरी टाका वर."

"टाकू? गुदमरंल ती."

तुम्ही हसत होता, पण गोणपाट टाकलं नाहीत.

आपलं एक भांडण राहिलं, तात्या. वडिलांचं तोंड करायला घेतलंत तेव्हा मलाही तेच विचारलंत, "हाक मारल्यावर कसा वळायचा तुजा बा?" मी म्हणालो, "वळायचे नाहीत. पाठमोरेच 'काय' म्हणायचे." खरंच तसे होते ते. मी पास झाल्याचं सांगितलं तरी पाठमोरेच.

तुम्ही दगडावर हात ठेवलात. मग म्हणालात, "एकदा वळला व्हता."

तोंड पुरं झालं तेव्हा मी चिडलो. नाक त्यांचं होतं, कपाळ त्यांचं होतं, पण ते बघणं त्यांचं नव्हतं. डोळ्यांत भीती होती आणि भीतीच्या मागे काहीतरी मऊ. माझ्या वडिलांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. "हे माझे वडील नाहीत," मी म्हणालो. "तुम्ही दुसऱ्याच कुणाचं तरी तोंड त्यांना लावलंय."

"तू व्हतास की तवा. त्येच्या खांद्यावर. पन तुजं तोंड पलीकडं व्हतं."

कधी, कुठं, हे मी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाहीत. ते तोंड तुम्ही आमच्या जोत्यावर ठेवून आलात. त्यानंतर दर उन्हाळ्यात मी खाली गेलो, काथ्यानं ते घासलं, धुतलं, आणि प्रत्येक वेळी तुम्हाला म्हणालो, नाहीत ते. तुम्ही म्हणायचात, "बरं. मग धुतोस कशाला?"

आणखी एका गोष्टीवरून मी तुम्हाला छेडायचो. गावात एकही तोंड सरळ बघत नव्हतं. वरच्या आळीतली उजवीकडे वळलेली, ओढ्याकडची डावीकडे, कुणाची हनुवटी वर. मला वाटायचं तुम्हाला सरळ तोंड जमतच नाही. तसं बोलूनही दाखवलं. तुम्ही रागावला नाहीत. "शिकलो न्हाई ना कुठं. जमंल तसं करतो," एवढंच.

आता जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे.

माघात तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हाच पारूकाकूंना बजावलं होतं, माझं तोंड करून घेऊ नका, माझं जोतं तसंच राहू द्या. काकूंना ते मान्य नव्हतं. तुम्हाला डोळा लागला की त्या मला बाहेर बोलावून म्हणायच्या, "रिकामं जोतं ठिवू न्हाई दत्ता. समद्यांच्या घरात मानूस आन आमची म्हातारी पायरीला, वर घरात कुनी न्हाई. रिकाम्या जाग्यावर कुनीबी येऊन बसतंय. पान्यातलं काय कमी हाय का?" मी शिकलेला, भोरच्या शाळेत शिकवणारा. मी त्यांना हसायला हवं होतं. पण हनुवटीपर्यंत पाणी आलेलं ते गाव ज्यानं पाहिलंय त्याला हसू येत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की ज्या माणसानं सगळ्या गावाला तोंड दिलं तो बिनतोंडाचा कसा राहील? तुम्ही एकीकडे, काकू एकीकडे, आणि मध्ये मी. पाणी चढायच्या आत ठरवायचं होतं.

तुम्ही गेलात आणि मी काकूंचं ऐकलं. भोरच्या एका मूर्तिकाराकडून तुमचं डोकं करून घेतलं. गणपती करणारा माणूस, दगड त्याला येत नाही, म्हणून सिमेंटमध्ये. तेरावं झाल्यावर बबनच्या टेम्पोत ते घालून आम्ही खाली उतरलो. बबननं तुम्हाला पुढच्या सीटवर, काकूंच्या शेजारी ठेवलं आणि म्हणाला, "तात्या, बेल्ट लावा, रस्ता बेकार हाय." काकू हसल्या आणि मग हसता हसता पदर तोंडाला लावला.

तुमचं जोतं गावाच्या टोकाला, सगळ्यात उंचावर. आम्हाला कुणालाच तुम्ही कधी त्यावर चढू दिलं नव्हतं. "खचलंय ते, पाय मोडंल." ते खचलेलं नव्हतं. पायऱ्या पक्क्या होत्या. भर दुपार होती, गाळाला भेगा पडलेल्या, वारा अजिबात नाही. मी पायरीवरच्या तुमच्या आईच्या दगडाशेजारून वर ओट्यावर गेलो आणि डोकं कुठे ठेवायचं ते बघायला मागे वळलो.

तात्या, सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

वरची आळी, ओढ्याकडची घरं, देवळामागची. खालून जी तोंडं भलतीकडे वळलेली वाटायची ती सगळी त्या एका ओट्याकडे वळलेली होती. भागाबाई. बबनचा भाऊ. आणि आमच्या जोत्यावरून माझे वडील, घाबरलेल्या मऊ डोळ्यांनी, थेट माझ्याकडे. मी बाजूला सरकलो. ते माझ्याकडे बघत नव्हते, मी जिथे उभा होतो त्या जागेकडे बघत होते. तरी अंगावर आलेला काटा जाईना.

बबन मागून चढला. इतका बडबड्या माणूस, त्याचं तोंड उघडंच राहिलं. "दत्ता... ही आपल्याला काय मागत्यात का रं?"

काकू सगळ्यात शेवटी आल्या. त्यांनी एकदा चहूकडे बघितलं आणि ओट्याच्या कडेवर बसल्या. "त्यो दिस हाय ह्यो," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. पाणी येणार येणार असं सगळे ऐकत होते, पण खरं कुणी धरत नव्हतं. कुणाचं भात उभं होतं, कुणाची म्हैस व्यायला झाली होती. तुम्ही कामावर होता म्हणून तुम्हाला आधी कळलं. सकाळी पळत आलात आणि ह्या ओट्यावर उभं राहून हाळी दिलीत. माणसं बोचकी घेऊन निघाली, चढाला लागली. आपलं घर बघायचं नाही म्हणून कुणी मागे बघत नव्हतं. तेव्हा कुणी मागे राहिलं नाही ना हे बघायला तुम्ही एकेका माणसाचं नाव घेऊन हाक मारलीत. आणि ज्याचं नाव घ्याल तो चढावर थांबून मागे वळायचा आणि ओ द्यायचा.

"विचारायचं समद्यांना, कसा वळायचा म्हनून," काकू म्हणाल्या. "मानसांनी रडून मोकळं व्हावं म्हनून विचारायचं. कोरायचं ते त्या दिसाचंच. ह्यांच्या डोळ्याम्होरनं ते कदी हाललंच न्हाई. म्या म्हनायची, इसरा आता. तर म्हनायचं, हाक म्या मारली पारू, म्याच इसरू?"

"आन तात्यांना कुणी हाक मारली?" बबननं विचारलं.

काकू त्याच्याकडे वळल्या. "मागं कोन उरलं व्हतं मारायला?"

बबन खाली टेम्पोकडे बघत म्हणाला, "मग, उतरवायचं का?" काकू खाली टेम्पोपाशी गेल्या. तुमचं ते सिमेंटचं तोंड त्यांनी हात लावून नीट बघितलं. चांगलं होतं ते. कल्ले, मिशा, कपाळावरची खूण, सगळं. फोटोवरून केलेलं, सरळ समोर बघणारं.

"ह्यो कुनाकडं बगतोय?"

"फोटोवाल्याकडं," बबन म्हणाला.

"मग त्याला घरी न्या."

मी म्हणालो, "काकू, पण जोतं रिकामं राहतंय. तुम्हीच म्हणत होता, कुणीबी येऊन बसेल."

काकूंनी वर बघितलं. "एवढ्यांच्या नजरंखाली? कोन बसंल?"

आम्ही परत आलो. परवापासून पाणी चढतंय. काल संध्याकाळच्या आत मी पुन्हा जाऊन आलो. ओढ्याकडची घरं गेली होती, वडिलांच्या गळ्याशी पाणी होतं. मी काठावरून त्यांना ओळखलं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. त्या सकाळी त्यांच्या खांद्यावर पोर होतं आणि मागून पाणी येत होतं. दुसरं कसलं तोंड असणार बापाचं? नाहीत ते, असं म्हणणं मी मागे घेतो. आता तुमच्या म्हणण्याप्रमाणे आधी त्यांचं नाव घेतो, आणि त्यांच्याबरोबरच तुमचं.

खाणीतल्या सुरुंगांच्या आवाजानं शेवटी शेवटी तुमचे कान मंद झाले होते आणि मोबाईलवर तुम्हाला काही कळायचं नाही, म्हणून शेवटचं बोलणं मी पत्रानं केलं होतं. तुम्ही जायच्या आधी ते पोचलं. बबननं ते तुमच्या कानाशी मोठ्यानं वाचलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि काही बोलला नाहीत, असं तो सांगतो. ते पत्र हे होतं:

तीर्थरूप गेनूतात्या,

नमस्कार. शाळेच्या परीक्षा चालू आहेत म्हणून या रविवारी येता आलं नाही. काकूंना सांगा, नासरापूरच्या दुकानातून औषध घेतलं आहे, एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवतो.

तुम्ही तोंड नको म्हणता ते मला पटत नाही. रागावू नका. तुम्ही नसता तर मी आज खाचरात असतो. त्यात वाईट काही नाही, पण मला पुस्तक हवं होतं आणि ते तुमच्या खोलीत मिळालं. माझ्या वर्गात वेल्ह्याकडच्या वाड्यांवरून आलेली मुलं आहेत. त्यांना मी सांगतो की मला एका दगड घडवणाऱ्या माणसानं शिकवलं. उद्या त्यातलं कुणी खाली जाऊन विचारलं की यातले तुमचे तात्या कोणते, तर मी काय दाखवू?

म्हणून भोरच्या मूर्तिकाराशी बोलून ठेवलं आहे. दुसरं काही नाही, विचारून ठेवलं. तुमचा फोटो त्याला दिला. तो म्हणतो कान, नाक, कपाळ सगळं जमेल. एकच अडलं आहे. बाकीची सगळी जरा वळलेली आहेत असं मी त्याला सांगितलं, तर तो विचारतो, मग यांची मान कोणत्या बाजूला वळवू? मला सांगता आलं नाही.

तुम्हाला हाक मारल्यावर तुम्ही कसे वळता, हे मी इतकी वर्षं जवळ राहूनही पाहिलेलं नाही. तेवढं कळवा. बाकीचं मी बघतो.

तुमचा,
दत्ता